टाकळ्याच्या भाजीने रक्त वाढते का, पोट बिघडते का आणि ती कडू का होते: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

बदलापूरहून एका ताईंनी विचारले आहे की, पाऊस सुरू झाला की स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा या रानभाजीचे वाटे घेऊन बसतात आणि घरात त्यावरून वाद सुरू होतो. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ९.८ आले आहे. सासूबाई मूळच्या संगमेश्वरच्या. त्या म्हणतात, पोरीला रोज टाकळा घाल, रक्त भरेल. आई यवतमाळची, तिकडे टाकळ्याला तरोटा म्हणतात; ती म्हणते, तरोटा आम्हीही खातो, पण भर पावसात रोज पालेभाजी घातलीस तर पोरीचे पोट बिघडेल. सासऱ्यांची हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, त्यांना ही भाजी चालेल की नाही हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. आणि एवढा वाद घालून केलेली भाजी कडू होते, त्यामुळे मुलगी ती ताटाच्या कडेला सारून ठेवते.

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि जून-जुलैमध्ये माझ्याकडे येणाऱ्या घरांमधून हा वाद थोड्याफार फरकाने नेहमी ऐकतो. सासूबाई आणि आई या दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अडचण इतकीच की, दोघीही टाकळ्याकडे औषध म्हणून पाहत आहेत; एकीच्या मते ते लागू पडेल आणि दुसरीच्या मते ते बाधेल. मी त्याकडे भाजी म्हणून पाहतो. चांगली, स्वस्त, जेमतेम दीड-दोन महिने मिळणारी भाजी, जिचा लाभ पान किती कोवळे आहे, ते कसे शिजवले आहे आणि ताटात सोबत काय वाढले आहे यावर ठरतो. मात्र मुलीच्या हिमोग्लोबिनचा प्रश्न भाजीच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

बारा ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात आणि ८ ते १०.९ हा मध्यम रक्तक्षय समजला जातो. तुमची मुलगी या मधल्या गटात आहे. यात तिचे किंवा तुमचे काही चुकले असे मानू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आता थोडा हिशेब करू. तिचे वजन चाळीस किलो धरले, तर हिमोग्लोबिन ९.८ वरून १२ वर येण्यासाठी केवळ रक्तात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह मुरावे लागते. शरीरातला साठा भरून काढायचा तो वेगळाच. बहुतेक हिरव्या पालेभाज्यांत १०० ग्रॅम कच्च्या पानांमागे साधारण २ ते ५ मिलिग्रॅम लोह असते. टाकळ्याचे ४ धरू. वनस्पतींमधले लोह आपल्या आतड्यात फार कमी शोषले जाते. ते ८ टक्के धरले, तर भाजीच्या एका वाढणीतून शरीराला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. मुलीने रोज न चुकता भाजी खाल्ली आणि त्यातला कणही खर्च झाला नाही असे गृहीत धरले, तरी २०० मिलिग्रॅम जमायला पावणेदोन वर्षे लागतील. टाकळा तर गोकुळाष्टमीच्या आत जून होतो.

म्हणून हिमोग्लोबिनसाठी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्ताची पूर्ण तपासणी व फेरीटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या. या वयात मासिक पाळीचा रक्तस्राव जास्त असणे आणि पोटात जंत असणे ही दोन कारणे नेहमी आढळतात, आणि ती विचारल्याशिवाय मुली सांगत नाहीत. तपासणीत लाल पेशींचा आकार लहान पण फेरीटिन चांगले असे दिसले, तर डॉक्टर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकतेची तपासणी सांगतील, कारण तसे असेल तर लोहाचा मारा करून उपयोग नसतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, ती रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. झालेल्या रक्तक्षयावरचा डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. गोळ्या लागू पडत असतील तर महिनाभराने हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅमने वाढलेले दिसते. तेवढे वाढले नाही, तर गोळी नीट घेतली जाते आहे का, चहा किंवा दुधासोबत घेतली जाते आहे का, हे आधी पाहावे लागते.

मग सासूबाईंचे म्हणणे खोटे आहे का? तसे मी म्हणणार नाही. गोळ्यांनी भरून आलेले रक्त पुन्हा उतरू नये म्हणून रोजचा आहार लागतो, आणि त्यात पालेभाजीला मोठी जागा आहे. लोहाव्यतिरिक्त तिच्यात फोलेट असते, जे लाल पेशी तयार होण्यासाठी लागते. बीटा कॅरोटीन असते, ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनवते. कॅल्शियम, जीवनसत्त्व के आणि भरपूर चोथा असतो. आणखी एक फायदा माझ्या रुग्णांना अनपेक्षित वाटतो. लोहाच्या गोळ्यांनी अनेक मुलींना बद्धकोष्ठ होतो आणि त्याच कारणाने त्या गोळ्या सोडून देतात. टाकळ्याची भाजी पोट हलके साफ करते. गोळ्या चालू असताना आठवड्यातून दोन वेळा अर्धी-पाऊण वाटी भाजी पोटात गेली, तर गोळ्या सुटत नाहीत, आणि रक्तवाढीला याची मदत बहुधा भाजीतल्या लोहापेक्षा मोठी असते.

इथेच तुमच्या आईच्या भीतीचे मूळही सापडते. टाकळा सोनामुखीच्या कुळातला आहे, आणि त्या कुळातल्या वनस्पतींमध्ये अँथ्राक्विनोन गटाची द्रव्ये असतात, जी आतड्याची हालचाल वाढवतात. सोनामुखीत त्यांचा जोर मोठा, म्हणून ती जुलाबाचे औषध ठरली. कोवळ्या टाकळ्यात तो बेताचा असतो. तरीही पहिल्यांदाच खाणाऱ्याने मोठी वाटी भरून खाल्ली, किंवा जून पाने घेतली, तर दुसऱ्या दिवशी दोन-तीन वेळा जावे लागू शकते. म्हणून नव्याने खाणाऱ्या मुलांना मी पहिल्या वेळी दोन चमचे द्यायला सांगतो आणि पुढच्या वेळी प्रमाण वाढवायला सांगतो. रोज मात्र नको. ज्यांना वरचेवर पोट बिघडण्याचा, आतड्याच्या सुजेचा त्रास आहे, त्यांनी चवीपुरती खावी किंवा सरळ टाळावी.

पावसाळ्यात पालेभाजी नको म्हणण्यामागे दुसरेही कारण आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. या दिवसांत पानांवर चिखल उडालेला असतो, अळ्या-अंडी असतात आणि भाजी धुण्यासाठी वापरलेले पाणीच अनेकदा गढूळ असते. पोट बिघडते त्यात या घाणीचा वाटा मोठा असतो. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करण्याच्या प्रथेमागे इतर धार्मिक भावना आहेतच, पण ज्या काळात नळाचे स्वच्छ पाणी नव्हते त्या काळात ती सावधगिरी म्हणूनही योग्यच होती. आज उपाय सोपा आहे: नीट निवडणे, नीट धुणे आणि पूर्ण शिजवणे. टाकळा कच्चा, कोशिंबिरीत किंवा रसात घालून खाण्याची भाजी नव्हे.

खरेदीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण शहरात वाढलेल्या माणसांना ही भाजी ओळखता येत नाही. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत उगवलेली रोपे लांबून मेथीसारखी दिसतात. जवळून पाहिले की फरक कळतो. मेथीला एका देठावर तीन पाने असतात. टाकळ्याला एका दांड्यावर समोरासमोर जोड्या असतात, पूर्ण वाढलेल्या पानात बहुधा तीन, आणि टोकाकडची जोडी सर्वांत मोठी. पर्णिकेचे, म्हणजे जोडीतल्या प्रत्येक छोट्या पानाचे, टोक गोलसर, बोथट असते. खालच्या जोड्यांच्या बेचक्यात दांड्यावर बारीक काडीसारखी ग्रंथी उभी दिसते. पान चुरगळले की उग्र वास येतो. तो शिजल्यावर जातो, त्यामुळे त्या वासाला घाबरून जुडी परत देऊ नका. संध्याकाळी ऑफिसातून येताना घेतलेल्या जुडीची पाने मिटलेली दिसली, तर ती शिळी आहे असेही समजू नका. अंधार पडू लागला की टाकळा आपली पाने जोडीजोडीने मिटून घेतो. शिळी जुडी देठाच्या कापलेल्या टोकाशी काळी पडते आणि तिथे बुळबुळीत लागते; बोट फिरवून पाहावे.

टाकळ्याच्या शेजारीच त्याचा एक नातेवाईक उगवतो, त्याला कासविंदा किंवा काही भागांत रानटाकळा म्हणतात. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या चार-पाच किंवा त्याहून जास्त असतात, पर्णिका टोकदार असतात आणि ग्रंथी दांड्याच्या अगदी बुडाशी असते. त्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचा बळी घेणाऱ्या एका गूढ आजाराचा संबंध या झाडाच्या शेंगा खाण्याशी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. त्यात यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी बाधित होत असत. मी हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. वर्षानुवर्षे रानभाज्या विकणाऱ्या बायकांची नजर आपल्यापेक्षा पक्की असते आणि त्यांच्याकडून घेतलेल्या वाट्यात अशी भेसळ सहसा नसते. पण मोबाइलवर फोटो पाहून सोसायटीमागच्या मोकळ्या जागेतून पाला खुडून आणणारी मंडळी अलीकडे वाढली आहेत, त्यांनी हा फरक पाहिल्याशिवाय पाला शिजवू नये आणि मुलांना शेंगांशी खेळू देऊ नये. शिवाय वर्दळीच्या रस्त्याकडेचा, गटाराजवळचा, रेल्वे रुळांलगतचा टाकळा ओळखीचा असला तरी घेऊ नये, कारण तिथे धूर, सांडपाणी आणि तणनाशकाची फवारणी या तिन्हींची शक्यता असते. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे एकदा जाऊन विकणाऱ्यांकडूनच पाने हातात घेऊन पाहिली तर ओळख पक्की होते.

आता कडूपणा. तुमची भाजी कडू होते याचे कारण बहुतेक वेळा कढईत नसून निवडण्यात असते. जुडी मेथीसारखी देठासकट चिरली तर भाजी कडू आणि चोथट होणारच. शेंडा दोन बोटांच्या चिमटीत धरून खुडावा. कटकन तुटला तर कोवळा, आणि देठाला धागा लोंबला तर तो जून, तिथून फक्त पाने घ्यावीत. हा चिमटीचा नियम लावला की चार वाट्यांतून दोन वाट्यांइतकीच पाने निघतात, हे मान्य करूनच भाजी आणावी. पाने मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवावीत आणि हाताने वर उचलून घ्यावीत. पातेले चाळणीत उपडे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असे तीन पाणी करावे. चिरायचे ते धुतल्यानंतर.

कोकणातली रीत अशी. मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या राखून ठेवलेल्या असतात. त्या उकडून, वरचे पांढरे टरफल काढून, जाडसर ठेचून घ्यायच्या. तेलात मोहरी, ठेचलेला भरपूर लसूण आणि दोन सुक्या मिरच्या, त्यावर चिरलेल्या पानांच्या निम्म्याने कांदा. कांद्याचे प्रमाण कमी केले की भाजी कडू लागते, इतके हे सरळ गणित आहे. कांदा पारदर्शक झाला की पाने घालून मध्यम आंचेवर परतायची. पाणी घालायचे नाही, पानांना स्वतःचे पाणी सुटते. पाचेक मिनिटे झाकण, मग आठळ्या, दोन आमसुले, सुपारीएवढा गूळ आणि शेवटी मीठ. मीठ आधी घातले तर अंदाज चुकतो, कारण टोपलीभर पाने बघता बघता मूठभर होतात. उतरवताना ओले खोबरे घालावे. गोव्यात हीच भाजी तायकिळो या नावाने जवळपास अशीच करतात. तुमच्या आईकडची रीत वेगळी असेल: भिजवलेली तूर किंवा मूग डाळ, लसणाची खमंग फोडणी, लाल मिरची आणि सोबत ज्वारीची भाकरी. डाळीमुळेही कडवटपणा दबतो आणि प्रथिनेही वाढतात, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलीसाठी मला ही विदर्भातली रीत काकणभर सरस वाटते.

या दोन्ही रीतींमध्ये आहारशास्त्राच्या दृष्टीने काय घडते ते सांगतो, म्हणजे कुठे बदल करायचा हे तुम्हालाच ठरवता येईल. बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाही, म्हणून फोडणीचे तेल आणि ओले खोबरे ही चैन नाही. बिनतेलाची उकडलेली भाजी पथ्याची म्हणून खाल्ली तर उलट तोटा होतो. लोह शोषले जाण्यासाठी आम्लता आणि जीवनसत्त्व क लागते. आमसुलाने आम्लता मिळते, पण जीवनसत्त्व क त्यातून फारसे मिळत नाही, आणि लिंबातले उष्णतेने कमी होते. म्हणून भाजी ताटात वाढल्यावर वरून अर्धे लिंबू पिळावे किंवा जेवणानंतर पेरू द्यावा. जेवणासोबत आणि जेवणानंतर तासभर चहा नको, चहातील टॅनिन लोहाला अडवून ठेवते. आपल्याकडे दहावीच्या वर्षी मुलींना अभ्यासासाठी चहाची सवय लागते, आणि ती जेवणाला लागूनच असते. मी भाजीबद्दल विचारण्याआधी चहाबद्दल विचारतो.

तुमच्या घरी मासे चालत असतील तर सासूबाईंना टाकळ्यात सुका जवळा घालता येईल का, हे विचारा. त्या आनंदाने हो म्हणतील. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे कोकणात सुकट-जवळा पालेभाज्यांत घालण्याची रीत आहेच. मासळीमुळे त्याच घासातल्या वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. जवळा आधी कोरडा भाजून, चाळून, धुऊन घ्यावा आणि भाजीत मीठ जपून घालावे. मासे चालत नसतील तर डाळ आणि लिंबू पुरे आहे.

लोखंडी कढईचाही उपयोग होतो. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की कढईतले थोडे लोह अन्नात उतरते, आणि ते किती उतरेल हे आंबटपणा, वेळ आणि कढई किती जुनी आहे यावर अवलंबून असते. भाजी काळपट दिसेल, त्यात बिघडलेले काही नसते. मात्र शिजल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर धातूची चव येते आणि मुलीला ताट सरकवायला नवे कारण मिळते.

तरीही मुलगी खात नसेल तर भाजी म्हणून खायला घालण्याचा हट्ट सोडा. भाजणीच्या थालीपिठात मूठभर बारीक चिरलेला टाकळा कुणाच्या लक्षातही येत नाही. वड्या करायच्या असतील तर पाने बारीक चिरून, बेसन, थोडे तांदळाचे पीठ, चिंच-गुळाचा कोळ, तीळ, ओवा आणि तिखट घालून कोथिंबीर वडीसारखी वाफवावी आणि तव्यावर थोड्या तेलात परतावी. चिंचगुळामुळे कडवटपणा पूर्ण झाकला जातो. चौदा वर्षांच्या मुलांना भाजी आवडावी अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा डब्यात चार वड्या गेलेल्या बऱ्या.

काही जण कडूपणा घालवण्यासाठी पाने उकळून पाणी फेकून देतात. पाण्यासोबत फोलेट आणि जीवनसत्त्व क निघून जाते, म्हणून निरोगी माणसासाठी मी तसे करायला सांगत नाही. कोवळी पाने निवडली असतील तर त्याची गरजही पडत नाही. पण ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे त्यांना मी नेमके हेच करायला सांगतो, कारण पालेभाज्यांतील विरघळणारे ऑक्झलेट, ज्यापासून बरेचसे मूतखडे बनतात, पाण्यात उतरते. त्यांनी सोबत वाटीभर दही किंवा ताक घ्यावे. त्यातले कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून टाकते. आता हाच सल्ला तुमच्या मुलीच्या उपयोगाचा नाही, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणातही अडथळा आणते. तिने ताक दुसऱ्या जेवणाला घ्यावे. एकाच घरात एकच भाजी दोन माणसांना दोन तऱ्हांनी वाढावी लागते, आणि ‘ही भाजी चांगली की वाईट’ या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत नाही ते याचमुळे. ज्यांचे मूत्रपिंड निकामी होत चालले आहे त्यांच्यासाठी पोटॅशियमचा हिशेब वेगळा असतो; त्यांनी स्वतःच्या आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणतीही पालेभाजी वाढवू नये. गरोदर स्त्रियांनी, विशेषतः ही भाजी पूर्वी कधी खाल्ली नसेल तर, याच दिवसांत तिची सुरुवात करू नये.

सासऱ्यांकडे वळू. कृत्रिम झडप असलेल्यांना बहुधा वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल दिले जाते. ही औषधे जीवनसत्त्व के च्या कामात अडथळा आणून रक्त गोठू देत नाहीत, आणि हिरव्या पानांत नेमके तेच जीवनसत्त्व भरपूर असते. याचा अर्थ पालेभाजी बंद असा अनेक घरांत काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. डॉक्टर ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी चाचणी, तपासून गोळीचे प्रमाण ठरवतात, ते माणूस एरवी जसा जेवतो त्या जेवणावर बेतलेले असते. गोंधळ होतो तो अचानक बदलाने: वर्षभर भाजीला न शिवणारा माणूस टाकळ्याच्या मोसमात आठवडाभर रोज दोन वाट्या खाऊ लागला तर गोळीचा परिणाम कमी होतो, आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून ते एरवी जितकी पालेभाजी खातात तितकीच खावी. मेथी किंवा माठाच्या वाढणीऐवजी टाकळ्याची वाढणी, वरून जास्तीची नव्हे. आणि पुढच्या तपासणीच्या वेळी मोसमी भाजी सुरू आहे हे डॉक्टरांना सांगावे. गोळीचे प्रमाण घरच्या घरी कमी-जास्त करू नये.

तुम्ही विचारले नाही, पण सासूबाई कधीतरी म्हणतीलच म्हणून लिहितो. आयुर्वेदात चक्रमर्द या नावाने टाकळा त्वचारोगांवर सांगितला आहे आणि त्याच्या बिया वाटून नायट्यावर लावण्याची रीत जुनी आहे. या झाडात क्रायसोफॅनॉल नावाचे द्रव्य असते आणि ते बुरशीला रोखते, त्यामुळे त्या रीतीला आधार आहे. पण तो लेपाचा विषय झाला. भाजी खाऊन नायटा जात नाही. सध्याचा नायटा, विशेषतः स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावून चिघळलेला, इतका चिवट असतो की त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. तसेच टाकळ्याच्या बियांचा चहा वजन उतरवण्यासाठी किंवा शरीर शुद्ध करण्यासाठी म्हणून विकला जातो. भाजलेल्या बियांचे पेय कॉफीऐवजी पिण्याची पद्धत जुनीच आहे, तरी रोजच्या रोज रेचक घेऊन उतरलेले वजन हे बहुतांशी पाण्याचे असते आणि आतड्याला त्याची सवय लागते. बिया या घरगुती आहाराचा भाग नाहीत, असे मी माझ्या रुग्णांना स्पष्ट सांगतो. मधुमेहींसाठी भाजी उत्तम आहे, कारण तिच्यात पिष्ट कमी आणि चोथा जास्त. गूळ मात्र वगळावा आणि तिच्या भरवशावर औषध कमी करू नये.

थोडक्यात तुमच्या घरापुरते सांगायचे तर मुलीची तपासणी आणि गोळ्या आधी; त्यासोबत आठवड्यातून दोनदा अर्धी-पाऊण वाटी कोवळ्या टाकळ्याची भाजी किंवा वड्या, डाळीसोबत किंवा जवळ्यासोबत, वरून लिंबू, आणि चहा लांब. सासऱ्यांना नेहमीच्या भाजीच्या जागी, तेवढीच.

मोसम सरत आला की वाटे स्वस्त होतात आणि मोह होतो, पण जुलैच्या मध्यानंतर चिमटीची परीक्षा कडक लावा. झाडाला पिवळी फुले आणि विळ्यासारख्या वाकड्या लांब शेंगा दिसू लागल्या की त्या वर्षाचा टाकळा संपला असे समजावे. पुढच्या काही आठवड्यांसाठी ठेवायचा असेल तर कोवळी पाने धुऊन, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, घट्ट पिळून एकेका वेळेपुरते गोळे करावेत आणि फ्रीजरमध्ये ठेवावेत. थालीपिठासाठी आणि वरणासाठी ते चांगले लागतात, कोरड्या भाजीसाठी तितकेसे नाहीत. त्यानंतर श्रावणात अळू आणि अंबाडी, थंडीत चाकवत आणि हरभऱ्याचा पाला मिळतोच. अंबाडीत आणि अळूत ऑक्झलेटचा विचार टाकळ्याहून जास्त करावा लागतो, तेव्हा घरात मूतखड्याचा त्रास असलेले कुणी असेल तर तेवढे लिहून कळवा.